वनपट्टा, दाखला, ग्रामसभा: ठाणे जिल्ह्यातले आदिवासी आणि सरकार — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापूर, मुरबाड, भिवंडी, अंबरनाथच्या पाड्यांवरून आणि ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरे. यात इतिहास आहे, कारण इतिहास ठाऊक नसेल तर तहसील कार्यालयातला आजचा कागदही नीट समजत नाही.

‘आदिवासी’, ‘मूलनिवासी’ आणि ‘अनुसूचित जमाती’ हे एकच आहेत का?

बोलण्यात एक, कागदावर नाही. सरकार दरबारी फक्त तिसरा शब्द चालतो. राज्यघटनेच्या कलम ३४२ खाली राष्ट्रपतींनी ६ सप्टेंबर १९५० रोजी अनुसूचित जमातींची यादी काढली. जमातीचे नाव त्या यादीत (आणि नंतरच्या दुरुस्त्यांत) ज्या शब्दांत आहे, त्याच शब्दांत दाखल्यावर असायला हवे. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याला मत दिले खरे, पण देशातले सगळेच लोक मूळचे इथले आहेत, अशी आपल्या सरकारची भूमिका राहिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०७ क्रमांकाचा जुना करार भारताने १९५८ साली मान्य केला, त्याच्या जागी आलेला १६९ क्रमांकाचा करार अजून केलेला नाही. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत ‘मूलनिवासी’ म्हणा, अभिमानाने म्हणा. अर्जात मात्र जमातीचे नाव लिहा.

ठाणे जिल्ह्यात कोणकोणत्या जमाती आहेत? आगरी-कोळी त्यात येतात का?

वारली, ठाकर (यादीत ‘क ठाकूर’, ‘म ठाकूर’ अशीही नावे आहेत), महादेव कोळी, मल्हार कोळी, कोकणा आणि कातकरी या मुख्य. कातकऱ्यांची नोंद यादीत ‘काथोडी, कातकरी’ अशी आहे आणि केंद्राने त्यांना विशेष असुरक्षित आदिम जमात मानले आहे. महाराष्ट्रात असा दर्जा फक्त तिघांना आहे: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

आगरी इतर मागास वर्गात येतात आणि किनाऱ्यावरचे सोनकोळी विशेष मागास प्रवर्गात. महादेव, मल्हार, ढोर आणि टोकरे कोळी मात्र अनुसूचित जमातीत. आडनावात किंवा शाळेच्या दाखल्यात नुसते ‘कोळी’ किंवा ‘हिंदू कोळी’ असेल, तर पुढे दाखल्याच्या वैधता तपासणीच्या वेळी निम्मी भांडणे इथूनच सुरू होतात.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला आणि आदिवासीबहुल तालुके बहुतेक तिकडे गेले. आताच्या ठाणे जिल्ह्यात पूर्ण अनुसूचित क्षेत्र म्हणजे शहापूर तालुका. भिवंडी आणि मुरबाड तालुक्यांतली ठरावीक गावे तेवढी त्यात आहेत. शेजारची दोन गावे, एक यादीत, एक नाही, असे इथे सर्रास दिसते. आपले गाव यादीत आहे का, हे पाहण्यासाठी १९८५ चा महाराष्ट्र अनुसूचित क्षेत्र आदेश मागा. ‘आमच्याकडे पेसा आहे असं ऐकलंय’ यावर विसंबू नका; पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा.

जंगल आमचे होते, मग ते सरकारचे कधी झाले?

एका दिवसात नाही. तीन-चार कायद्यांत झाले.

पहिला वनकायदा १८६५ चा, पण खरा घाव १८७८ च्या कायद्याने घातला. जंगलाचे ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे भाग पडले आणि जे पूर्वापार चालत आले होते, ते परवानगीवर आले. इथल्या शेतकऱ्याला हे लगेच जाणवले ते राबामुळे. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर झाडाचे टहाळ लागतात, आणि टहाळ तोडणे गुन्हा ठरला. ठाणे-कुलाबा भागात इतका असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. थोड्या सवलती मिळाल्या, मालकी वनखात्याकडेच राहिली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने हीच चौकट पक्की केली, आणि स्वातंत्र्यानंतरही तोच कायदा चालू राहिला.

मधल्या काळात सरकारनेच जंगलातली जमीन कसायला दिली होती. डोंगरउतारावरच्या दळी जमिनी होत्या, एकसाली प्लॉट होते. एकसाली म्हणजे दर वर्षी नव्याने मिळणारी परवानगी. बापाने तीस वर्षे तोच तुकडा कसला, तरी कागदावर तो दर वर्षी नवा माणूस. मग एखाद्या वर्षी नूतनीकरण झाले नाही की तो ‘अतिक्रमणदार’.

खाजगी जमीनदारांची जंगले होती, तिथे वेठ होती. आता पालघर जिल्ह्यात असलेल्या तलासरी-डहाणू भागात १९४५ पासून गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा झाला, तो वेठबिगारी आणि लग्नगडीच्या प्रथेविरुद्ध. लग्नासाठी घेतलेले कर्ज फेडायला नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचे, ही ती प्रथा. पुढे ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा लागू झाला आणि अशी जंगले एका तारखेला सरकारजमा झाली. जमीनदार गेला, पण त्याच्या जंगलात जो कसत होता त्याची नोंद बहुतेक ठिकाणी कुणी घेतली नाही. आजही सातबाऱ्यावर अचानक ‘महाराष्ट्र शासन, वन’ दिसते, त्यामागे बहुधा हाच कायदा असतो.

राज्याने २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयाने १९७२ ते १९७८ मधली अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. बऱ्याच जणांकडे नोंदच नव्हती, म्हणून ते राहिले. ३ मे २००२ रोजी केंद्राच्या वन मंत्रालयाने अतिक्रमणे हटवण्याचे पत्र काढले. त्याविरुद्ध देशभर आंदोलने उठली आणि त्यातून २००६ चा वनहक्क कायदा आला.

वनहक्क कायद्याने नेमके काय बदलले?

कायद्याच्या प्रस्तावनेतच संसदेने ‘ऐतिहासिक अन्याय’ असे शब्द वापरले आहेत. सरकार जमीन ‘देत’ नाही, आधीपासून असलेला हक्क मान्य करते, हा त्यातला गाभा. साहेबांसमोर बोलताना हा फरक लक्षात ठेवा, कारण आपण अनुदान मागायला गेलेलो नसतो.

कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू आहे, नियम १ जानेवारी २००८ चे, आणि त्यात ६ सप्टेंबर २०१२ ला मोठी दुरुस्ती झाली. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाचा जमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा हवा. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढीच जमीन, आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. सरसकट ४ हेक्टर मिळतात हा गैरसमज आहे, त्यापायी वाढवून लिहिलेले दावे मोजणीत उघडे पडतात.

दावा कसा टाकायचा? सुरुवात कुठून?

ग्रामसभेतून. तहसीलदाराकडे नाही, वनखात्याकडे तर नाहीच.

ग्रामसभा आपल्यातून १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला हव्यात. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला पाहिजेत, आणि दाव्यांवर ठराव करताना निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी समोर हवेत. हजेरीच्या सह्या आणि अंगठे ठरावाच्या वहीतच घ्या. सुट्या कागदावर घेतलेली हजेरी दोन वर्षांनी सापडत नाही आणि ‘गणपूर्ती नव्हती’ या एका शेऱ्यावर पाड्याच्या सगळ्या फायली परत येतात.

वैयक्तिक हक्काला नमुना ‘अ’, सामूहिक हक्कांना (चराई, पाणवठे, गौण वनोपज) नमुना ‘ब’, आणि पाड्याच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाच्या व्यवस्थापनाला नमुना ‘क’. ठाणे जिल्ह्यात चर्चा ‘अ’ चीच होते. ‘क’ कडे दुर्लक्ष होते, ही आमच्या मते मोठी चूक आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने बांबू स्वतः विकला. आपल्याकडे बांबू कमी असेल, पण मोह, हिरडा, करवंद, मासे आणि चराई आहे.

दावा आला की समिती जागेवर पाहणी करते. वन आणि महसूल खात्याला लेखी सूचना द्यायची, तिची पोच घ्यायची. ते आले तर त्यांनी सही, हुद्दा, तारीख आणि शेरा लिहायचा. आले नाहीत आणि नंतर हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे येतो. पुन्हा आले नाहीत, तर ग्रामसभेचा अहवालच अंतिम धरायचा, असे २०१२ च्या नियम १२अ मध्ये स्पष्ट आहे. म्हणून ‘बीटगार्ड आला नाही, पाहणी राहिली’ हे कारण कुणाचे ऐकून घेऊ नका. सूचनेची पोच असली की झाले.

मोजणी जीपीएसने करताना कसणाऱ्याने स्वतः हद्दीवरून चालावे. वरकसाचा (नाचणी-वरईच्या हलक्या जमिनीचा) उतार, राबाची जागा आणि खळे बहुधा राहून जाते, कारण मोजणारा फक्त खाचराभोवती फिरतो. पावसाळा संपल्यावर, पीक उभे असताना मोजले तर बांध स्पष्ट दिसतात.

त्यानंतर ग्रामसभेचा ठराव, मग प्रांताधिकाऱ्यांची उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती. विवाहित असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघायला हवा. एकट्या पुरुषाच्या नावे आला असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा.

पुरावे कोणते चालतात? आमच्याकडे काहीच कागद नाहीत.

नियम १३ प्रमाणे किमान दोन पुरावे लागतात, आणि दोन्ही कागदीच हवेत असे कुठेही नाही. ज्येष्ठ माणसाचा लेखी जबाब हा एक पुरावा, मात्र तो माणूस दावेदार नसावा. जागेवरच्या खुणा हा दुसरा: घर, विहीर, बांध, आंबा-फणसाची जुनी झाडे, देवाचे ठाणे, पूर्वजांची पुरलेली जागा. फोटोवर मागे ओळखू येईल असा डोंगर किंवा शाळा घ्या. नुसत्या झाडाचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो.

कागदांत मतदार यादी, जुने रेशनकार्ड, घरपट्टी, एकसालीची पावती चालते. आणि गंमत अशी की सर्वांत भक्कम कागद बहुधा वनखात्यानेच दिलेला असतो. २००५ पूर्वी अतिक्रमणाबद्दल गुन्हा नोंदवला असेल, दंडाची पावती फाडली असेल, तर त्या साली तुम्ही त्या जागी कसत होता हे खात्याने स्वतःच लिहून दिलेले आहे. ‘पीओआर’ म्हणतात तो गुन्हा अहवाल वनक्षेत्रपालाच्या कार्यालयातून माहिती अधिकारात मागता येतो.

उपग्रहाचा नकाशा पूरक पुरावा आहे, त्याने इतर पुरावे रद्द होत नाहीत. झाडाखालची नाचणी-वरईची शेती अशा नकाशात हिरवीच दिसते.

दावा फेटाळला, किंवा दोन एकर कसतो आणि दहा गुंठे मिळाले. आता?

आधी लेखी कारणे मागा. कारणाशिवाय फेटाळता येत नाही, आणि तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय तुमच्या विरोधात निर्णय देता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत, उपविभागीय समितीविरुद्ध जिल्हा समितीकडे ६० दिवसांत दाद मागायची. दिवस मोजायचे ते निर्णयाच्या दिनांकापासून. पत्र उशिरा पोचले असेल तर पाकीट जपून ठेवा, टपालाचा शिक्का हाच उशिराचा पुरावा. जिल्हा समितीवर दाद मागण्यासाठी २०२० साली राज्यपालांच्या अधिसूचनेने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या झाल्या. आपल्यासाठी ते म्हणजे सीबीडी बेलापूरचे कोकण भवन.

क्षेत्र कमी मिळाले असेल तर ‘मिळाले ते घ्या, उरलेल्याचे नंतर बघू’ असे सांगणारे भेटतात. पट्टा जरूर घ्या, पण त्याच दिवशी ‘उर्वरित क्षेत्राचा दावा कायम’ असे लिहून द्या.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना काढण्याचा आदेश दिला होता, त्याला २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने स्थगिती दिली. तपासणी पुरी होईपर्यंत कुणालाही हटवायचे नाही, हे कायद्याच्या कलम ४(५) मध्येच आहे. तरीही कुणी पीक मोडले किंवा झोपडी पाडली, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(जी) मध्ये अनुसूचित जमातीच्या माणसाला जमिनीवरून बेकायदा काढणे आणि त्याच्या वनहक्कात अडथळा आणणे हा गुन्हा आहे.

पट्टा मिळाला. तो विकता येतो? त्यावर कर्ज मिळते?

विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. वारसाला जातो. कर्जाची अडचण इथेच येते, कारण बँकेला तारण लागते. पीककर्ज तारणाशिवाय देता येते, पण बँक स्वतंत्र सातबारा मागते. पट्ट्याची नोंद बहुतेक ठिकाणी ‘इतर हक्कां’त असते, वरच्या बाजूला वनखातेच. भात आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर घालतानाही हाच सातबारा विचारतात. भात झोडायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, तलाठ्याकडून नोंदीचा उतारा काढून ठेवला तर केंद्रावर हेलपाटा पडत नाही.

येऊरचे पाडे, नवी मुंबईतल्या आदिवासी वस्त्या… आम्ही महापालिकेत आहोत. आम्हाला वनहक्क नाहीत का?

आहेत. कायद्यातल्या ‘वनजमिनी’च्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यही येते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत असल्याने हक्क संपत नाही. घोडे अडते ते सभेवर: महापालिकेत ग्रामसभा नाही, मग सभा बोलावणार कोण? वस्तीने स्वतः सभा घेऊन समिती निवडावी आणि ती मान्य करण्याचा अर्ज प्रांताकडे द्यावा, हाच मार्ग आहे. पेसा मात्र इथे लागू होत नाही.

सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेबद्दलही विचारले जाते. ती योजना ज्याच्या नावची जमीन संपादित झाली त्याच्यासाठी. डोंगरउतारावर, गुरचरणात किंवा दुसऱ्याच्या बांधावर राहणाऱ्या कुटुंबाच्या नावावर जमीनच नव्हती, त्यामुळे शहर उभे राहिले तेव्हा त्याच्या वाट्याला भूखंड आला नाही. याला कायदेशीर तोडगा साडेबारा टक्क्यांत नाही, घराखालच्या जागेच्या हक्कात शोधावा लागतो.

आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकता येते का? आजोबांची गेलेली परत मिळेल?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६ आणि ३६अ वाचा. हे फक्त अनुसूचित क्षेत्रापुरते नाही, राज्यभर आहे. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, विक्री-बक्षीस अशा बाकी सगळ्याला जिल्हाधिकाऱ्यांबरोबर राज्य शासनाचीही पूर्वमान्यता. अनुसूचित क्षेत्रात त्याआधी ग्रामसभेची मंजुरी.

व्यवहार होतो तो या कायद्याला वळसा घालून. कुलमुखत्यारपत्र, साठेकरार, लांब मुदतीचे भाडेपट्टे, किंवा दुसऱ्याच आदिवासी गड्याच्या नावावर खरेदी आणि पैसे फार्महाऊसवाल्याचे. येऊर, मुरबाड, शहापूर भागात कुंपण एकाचे आणि सातबारा दुसऱ्याचा, हे चित्र नवे नाही. कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही. पण ताबा जातो, आणि परत मिळवायला वर्षे लागतात.

परत मिळण्याचे दोन रस्ते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधले व्यवहार १९७४ च्या जमीन प्रत्यार्पण कायद्यात येतात. तो कायदा लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली वैध ठरवला. ६ जुलै १९७४ नंतर परवानगीशिवाय झालेल्या हस्तांतराला ३६अ(४), त्यात ६ जुलै २००४ पासून तीस वर्षांत, म्हणजे २०३४ पर्यंत अर्ज करता येतो, आणि जिल्हाधिकारी स्वतःहूनही चौकशी करू शकतात. अर्जाला जुना सातबारा, हस्तांतराचा फेरफार आणि त्या वेळचा मालक आदिवासी होता याचा पुरावा जोडा. फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला असतो. तो घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलात तर काम होते. ‘आजोबांची जमीन शोधून द्या’ म्हणालात तर होत नाही.

आमची कातकरी वाडी मालकाच्या जागेवर आहे. घरकुल मंजूर, पण जागा आमची नाही.

प्रधानमंत्री जनमन योजनेत (१५ नोव्हेंबर २०२३ पासून) आदिम जमातींच्या कुटुंबाला घरासाठी २ लाख रुपये आहेत, शौचालयाचे आणि रोजगार हमीच्या मजुरीचे वेगळे. पैसे आहेत आणि जागा नाही, म्हणून यादीतली नावे मागे पडतात.

कूळकायदा, १९४८ चे कलम १६ ते १८ पाहा. कुळाने, शेतमजुराने किंवा कारागिराने स्वतःच्या खर्चाने दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधले असेल तर त्याला सहजी काढता येत नाही, आणि मालक जागा विकायला निघाला तर घेण्याचा पहिला हक्क त्याचा. घरपट्टीची पावती, वीजबिल आणि शेजाऱ्यांचे जबाब जमवून तहसीलदाराकडे अर्ज करा. दुसरा रस्ता म्हणजे जवळ सरकारी जागा असेल तर गावठाण विस्ताराची मागणी. वाडी वनजमिनीवर असेल तर नमुना ‘अ’ मध्ये राहत्या घराचाही दावा करता येतो. आधी एकच गोष्ट करा: वाडीचा गट नंबर शोधा. जागा खाजगी, गुरचरण की वन, हे कळल्याशिवाय कोणताही अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

वीटभट्टीवर बयाणा घेतला होता, शेठ सोडत नाही. हा गुन्हा आहे का?

हो. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. पावसाळ्यात, सणाला किंवा लग्नाला बयाणा घ्यायचा, दिवाळीनंतर भट्टीवर जायचे, आठवड्याला खर्ची तेवढी मिळायची आणि पावसाच्या तोंडावर हिशोब करताना शेठच्या वहीत अंगावर पैसे निघायचे, ही साखळी जिल्ह्यातल्या कातकऱ्यांना पाठ आहे. आगाऊ रकमेपायी दुसरीकडे जाण्याची मोकळीक गेली किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळाले, तर ती वेठबिगारी. साखळदंड असायला लागत नाहीत. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवून घेणे ही सक्तीची मजुरी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटले. हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ प्रमाणे शेठवर आहे.

अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे. तोंडीही चालतो, पण लेखी द्या: भट्टीचे ठिकाण, किती माणसे, किती मुले, बयाणा किती, केव्हा घेतला. चौकशीत जबाब मालकासमोर किंवा मुकादमासमोर होऊ देऊ नका, तसे झाले की माणसे ‘आम्ही खुशीनं काम करतो’ म्हणतात आणि प्रकरण तिथेच संपते. मुक्तता प्रमाणपत्र हातात घ्या. त्यानंतर बयाणा फेडायचा नाही, ते देणे कायद्यानेच संपते. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, फार गंभीर प्रकरणात ३ लाख रुपये पुनर्वसनासाठी आहेत. मात्र पूर्ण रक्कम खटल्यात शिक्षा होण्याशी जोडली आहे, सुरुवातीला फक्त तातडीची मदत मिळते. मजूर पुढच्या हंगामाला पुन्हा भट्टीवर दिसतो, त्याचे हेच कारण.

जमातीचा दाखला आहे, मग वैधता प्रमाणपत्र कशाला? आणि ते अडते का?

दाखला प्रांताधिकारी देतात, तो खरा की खोटा हे तपासणी समिती ठरवते. कोकण विभागाची समिती ठाण्यात आहे. माधुरी पाटील प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत आखून दिली, राज्याचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. कलम ८ प्रमाणे आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर. खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या हजारो जागा गेल्या म्हणून ही तपासणी आली, आणि आता तिचा काच खऱ्या आदिवासींनाच बसतो.

१९५० पूर्वीचा वडिलांकडचा कागद सर्वांत मोलाचा: आजोबांची शाळेतली नोंद, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून मूळ प्रतीबरोबर द्या. वडील, काका, आत्या, सख्खे चुलत भाऊ यांपैकी कुणाला वैधता मिळाली असेल तर ती आणि वंशावळ जोडा. आईकडची चालत नाही. वंशावळीतले नाव आणि दाखल्यातले नाव जुळत नाही, ही सर्वांत सामान्य चूक. ‘काळू’चा ‘काळूराम’ झाला असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच लावा.

देव, लग्नविधी, बोली यांवरून प्रश्न विचारतात ती ‘आप्तभाव चाचणी’. शहरात वाढलेल्या मुलाला कुलदैवताचा विधी सांगता येत नाही, म्हणून दावे पडत. ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी सांगितले की ही चाचणी एकमेव कसोटी नाही, आणि कागदांनी समितीचे समाधान झाले तर दक्षता पथकाकडे प्रकरण पाठवण्याची गरजच नाही. सुनावणीला हा निकाल बरोबर ठेवा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज टाका.

पेसा म्हणजे पाड्याला प्रत्यक्षात काय मिळते?

१९९६ चा केंद्राचा कायदा, राज्याचे नियम ४ मार्च २०१४ चे. पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते, हा त्यातला सर्वांत उपयोगी भाग. मोठ्या गावच्या ग्रामसभेत पाच पाड्यांचा आवाज उठत नाही. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून प्रांताकडे दिला, की चौकशी होऊन पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट येतो. तो ग्रामसभेच्या आराखड्यानेच खर्चायचा. गटार आणि पेव्हर ब्लॉकमध्ये तो संपलेला दिसला, तर त्या वर्षीच्या आराखड्याची प्रत मागा.

धरण, महामार्ग, रेल्वेसाठी जमीन मागतात. नाही म्हणता येते?

काही बाबतीत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१ सांगते की अनुसूचित क्षेत्रात संपादन शेवटचा उपाय म्हणूनच, ग्रामसभेच्या संमतीने, आणि मोबदल्याचा एक तृतीयांश आधी. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो टिकला. रस्ते-रेल्वेसारख्या रेषीय प्रकल्पांना मात्र वनजमिनीच्या बाबतीत ग्रामसभेच्या संमतीतून ५ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्राच्या परिपत्रकाने बरीच सूट मिळाली. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला तेव्हा ज्यांचा सातबारा एकत्र कुटुंबाच्या नावे होता, त्यांना आधी वाटप सिद्ध करावे लागले. संपादनाची कुणकुण लागताच वारसनोंदी करून घ्या.

तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो, भातसाही देतो. दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर फिरतो. ज्यांची जमीन सरकारी प्रकल्पात मोबदल्याशिवाय गेली आणि पाच वर्षांत त्या कामासाठी वापरलीच गेली नाही, त्यांच्यासाठी वनहक्क कायद्याचे कलम ४(८) आहे. ते फार कमी लोक वापरतात.

अर्ज नेमका कुठे द्यायचा?

योजना, आश्रमशाळा, वसतिगृह: एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, शहापूर. दाखला, वनदाव्याचा दुसरा टप्पा, वेठबिगारी: प्रांत. जमीन परत मिळवणे: जिल्हाधिकारी, ठाणे. वैधता: ठाण्याची तपासणी समिती. कुठेच दाद लागली नाही तर घटनेच्या कलम ३३८अ खालचा राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग. त्याला पाठवताना आधीच्या सगळ्या अर्जांच्या पोच जोडाव्या लागतात.

पोच म्हणजे आपल्याच प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही. ‘ठेवा इथं, साहेब आले की देतो’ म्हणाले तर कागद परत घ्या आणि टपाल कार्यालयातून पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत पत्र्याखाली ठेवू नका, पावसात शाई उडते. मोबाईलवर फोटो काढा आणि पाड्याबाहेरच्या कुणा एकाकडे पाठवून ठेवा.